उबुंटू होस्ट, आत विंडोजची व्हीएम, आणि दोन्हीकडं एकच झोटेरो लायब्ररी: कसं जमवायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, शोधाशोध, पीडीएफ वाचणं, नोट्स काढणं सगळं तिथंच चालतं. पण गाईड सरांना प्रकरणं वर्डमध्येच पाहिजेत, ट्रॅक चेंजेससकट, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज टाकलंय आणि लिखाण त्यात करता. या आतल्या कॉम्प्युटरला व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणतात आणि बाहेरच्या उबुंटूला होस्ट. झोटेरो, म्हणजे संदर्भ आणि त्यांच्या पीडीएफ सांभाळणारं सॉफ्टवेअर, दोन्हीकडं आहे. विषय सोलापूरच्या कापड गिरण्या आणि १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, गॅझेटियर, रिपोर्ट यांचे स्कॅन ढिगानं, एकेक पीडीएफ ऐंशी-शंभर एमबीची. तुम्ही केलं काय, तर होस्टवरचं झोटेरोचं फोल्डर शेअर्ड फोल्डर म्हणून व्हीएमला दिलं आणि आतल्या झोटेरोला सांगितलं की तुझा डाटा हाच. थोडे दिवस चाललं. आता कधी डेटाबेस दुसरीकडं वापरात आहे म्हणून एरर येतो, कधी व्हीएममध्ये टाकलेला संदर्भ बाहेर दिसतच नाही, आणि तुम्ही विचारताय की शेअर्ड फोल्डरची परमिशन कुठं चुकली.

परमिशन बरोबरच आहे हो. ती पद्धतच सोडून द्या, आज, आत्ता. मी इथं सोलापुरात कॉलेजची लॅब आणि लायब्ररी दोन्ही बघतो, पीएचडीवाल्यांची असली कामं वर्षानुवर्षं माझ्याकडं येतात, आणि हा प्रकार दर वर्षी कुणीतरी घेऊन येतंच. बहुतेक वेळा सबमिशनच्या तोंडावर.

आधी हे फोल्डर म्हणजे काय ते नीट बघा. उबुंटूवर तुमच्या होम फोल्डरमध्ये आणि विंडोजवर सी ड्राइव्हमध्ये युजर्सच्या आत तुमच्या नावाखाली झोटेरो नावाचं फोल्डर असतं. ते उघडलं की एक फाईल दिसते, झोटेरो डॉट एसक्यूलाईट. तुमचे सगळे संदर्भ, कलेक्शन्स, टॅग, नोट्स, झोटेरोच्या रीडरमध्ये पिवळं केलेलं सगळं त्या एका फाईलीत. शेजारी स्टोरेज नावाचं फोल्डर, त्यात आठ-आठ अक्षरांच्या विचित्र नावांची शेकडो फोल्डरं, आणि प्रत्येकात एखादी पीडीएफ. म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका छपराखाली आहेत, डेटाबेस आणि फाईली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींना वेगवेगळं वागवण्यात आहे, कारण पीडीएफ शेअर्ड फोल्डरमधून वाटून घेता येते, डेटाबेस वाटून घेता येत नाही.

का येत नाही, तर एसक्यूलाईट हा एका मशीनवर, लोकल डिस्कवर चालायला बनवलेला डेटाबेस आहे. एका खातेवहीत एका वेळी एकाच मुनीमानं लिहायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा त्याचा कारभार. यासाठी झोटेरो चालू झालं की फाईलीवर लॉक लावतं आणि बंद होईपर्यंत सोडत नाही. एकाच मशीनवर हे लॉक चोख चालतं. पण व्हर्च्युअलबॉक्सचं शेअर्ड फोल्डर काय किंवा व्हीएमवेअरचं काय, ती खरी डिस्क नसते, आतल्या ओएसला दाखवलेली एक खिडकी असते, आणि आतून लावलेलं लॉक बाहेरच्या ओएसला दरवेळी नीट कळेलच याची खात्री नसते. नेटवर्क ड्राइव्हवर हाच त्रास आहे, एसक्यूलाईट बनवणाऱ्यांनी स्वतःच तसा इशारा लिहून ठेवलाय. त्यामुळं एरर आला तर उलट नशीब समजा, लॉकनं आपलं काम केलं. एरर न येता दोन्हीकडं झोटेरो गुपचूप उघडलं तर खरी पंचाईत.

"पण मी दोन्ही एका वेळी उघडतच नाही, एक बंद करून मगच दुसरं उघडते" असं तुम्ही लिहिलंय. चांगली सवय आहे, पण व्हीएमच्या बाबतीत यात एक भोक आहे आणि माझ्या अनुभवात लोक तिथंच पडतात. तुम्ही व्हीएम बंद कशी करता? शट डाऊन करता की खिडकीच्या फुलीवर क्लिक करून सेव्ह स्टेट, म्हणजे आहे त्या स्थितीत गोठवून ठेवता? बहुतेक जण सेव्ह स्टेटच करतात, कारण परत उघडल्यावर वर्ड जसंच्या तसं समोर येतं. आता बघा काय होतं. आत झोटेरो उघडं असताना व्हीएम गोठवली. आतल्या झोटेरोच्या मते आपण चालूच आहोत, लॉक आपल्याकडंच आहे, डेटाबेसचा काही भाग आपल्या मेमरीत आहे. बाहेर उबुंटूच्या दृष्टीनं मात्र ती फाईल आता मोकळी. तुम्ही होस्टवर झोटेरो उघडलं, पंधरा-वीस संदर्भ टाकले, बंद केलं. संध्याकाळी व्हीएम उठवली. आतलं झोटेरो जागं झालं, त्याला मधल्या बदलांचा पत्ताच नाही, कारण लॉक माझ्याकडं असताना दुसरं कुणी लिहिणारच नाही हे ते धरूनच चालतं, आणि मेमरीतला जुना भाग त्यानं नव्या फाईलीवर लिहून टाकला. अर्धी फाईल दुपारची, अर्धी सकाळची. झालं, डेटाबेस करप्ट. यात एका वेळी एकच उघडायचं हा नियम तुम्ही प्रामाणिकपणे पाळलेला असतो, तरीही.

बार्शीकडचे एक सर असंच घेऊन आले होते, त्यांचं मॅकवर, आत विंडोज. झोटेरो उघडलं की डेटाबेस खराब झालाय आणि शेवटचा बॅकअप उघडलाय असा मेसेज, आणि संदर्भ एकदम मागच्या तारखेला गेलेले. फोल्डरमध्ये बघितलं तर डॅमेज्ड नावाची एक फाईल होती. झोटेरो हे स्वतःच करतं, खराब झालेली फाईल त्या नावानं बाजूला ठेवतं आणि डॉट बॅक नावाच्या आपोआप घेतलेल्या प्रतीवर जातं. तुमच्याकडं संदर्भ "गायब" होतायत त्याचं कारण हेही असू शकतं, म्हणून फोल्डर उघडून अशी फाईल पडलीय का ते बघा आणि असली तर डिलीट करू नका.

अजून एक, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये झोटेरोचा डाटा टाकायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. झोटेरोवाले स्वतः नको म्हणतात. हे प्रोग्रॅम चालू डेटाबेस अर्धवट लिहिलेला असतानाच उचलतात, आणि दोन मशीनवर दोन वेगळ्या फाईली झाल्या की "कॉन्फ्लिक्टेड कॉपी" बनवून मोकळे होतात. संदर्भ एकत्र करणं त्यांना कुठलं जमतंय.

आता आधी निस्तरायचं कसं ते सांगतो, मग नवीन मांडणी.

व्हीएम उठवा, आतलं झोटेरो बंद करा, वर्ड सेव्ह करून बंद करा, आणि विंडोज नीट शट डाऊन करा. सेव्ह स्टेट आता विसरा. मग होस्टवरचं झोटेरोही बंद करून अख्खं झोटेरो फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, जसंच्या तसं, खराब वाटणाऱ्या फाईलींसकट. नुसती एसक्यूलाईट फाईल उचलू नका, शेजारी जर्नल असं शेपूट लागलेली फाईल असेल तर तीही तितकीच महत्त्वाची, अर्धवट राहिलेला बदल मागं घ्यायला तीच लागते. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि बऱ्याच जणांच्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या नावालाच उरल्यात, त्यामुळं ही जर्नल फाईल पडून राहिलेली मला पुष्कळदा दिसते.

कॉपी झाली की फक्त होस्टवर झोटेरो उघडा. सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं फाईल्स अँड फोल्डर्स, खाली डेटाबेसची तपासणी करायचं बटण आहे ते दाबा. ठीक आहे म्हणाला तर पुढं. खराब म्हणाला तर झोटेरोच्या साईटवर डेटाबेस दुरुस्त करून देणारं पान आहे, तिथं फाईल अपलोड करायची, दुरुस्त करून परत मिळते. त्यानंही नाही भागलं तर डॉट बॅकवाली प्रत आहेच. आणि बॅकअप जुना निघाला, मधले संदर्भ गेले, तरी लगेच डोक्याला हात लावू नका. जे संदर्भ तुम्ही वर्डमध्ये टाकले होते त्यांची माहिती त्या वर्ड फाईलीच्या पोटात असते. रेफरन्स एक्स्ट्रॅक्टर नावाचं एक फुकट ऑनलाईन टूल आहे, त्याला वर्ड फाईल दिली की त्यातले झोटेरोचे संदर्भ बाहेर काढून देतं.

आता नवीन मांडणी. त्याआधी एक प्रश्न, तुम्हाला खरंच दोन झोटेरो लागतात का? कारण काही जणांचं काम एकातच भागतं. वर्ड आणि झोटेरो एकाच मशीनवर असावं लागतं, यातून सुटका नाही. वर्डमधला झोटेरोचा टॅब त्याच विंडोजमध्ये चालू असलेल्या झोटेरोशी बोलतो, होस्टवरच्या झोटेरोशी तो बोलत नाही. म्हणजे व्हीएममधलं झोटेरो हवंच. पण होस्टवर तुम्ही फक्त ब्राउझरमधून संदर्भ गोळा करत असाल तर तिथं नुसतं ब्राउझरमध्ये टाकायचं झोटेरोचं कनेक्टर नावाचं एक्स्टेन्शन पुरतं, मशीनवर झोटेरो चालू नसेल तर कनेक्टर तुमच्या ऑनलाईन खात्यात थेट सेव्ह करतं, आणि व्हीएममधलं झोटेरो सिंक झालं की ते आत येतं. काही हुशार मंडळी पोर्ट फॉरवर्ड करून होस्टचा ब्राउझर व्हीएममधल्या झोटेरोला जोडायला जातात, २३११९ नंबरचा पोर्ट वगैरे. झोटेरो तिथं फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकतं, उगाच खटाटोप, करू नका. तुम्ही मात्र उबुंटूवर बसून पीडीएफ वाचता, हायलाईट करता, नोट्स लिहिता, म्हणजे तुम्हाला दोन्हीकडं लागणारच.

तर मग असं करायचं: दोन्हीकडं झोटेरो, दोन्हीकडं आपापला डेटाबेस आपापल्या लोकल डिस्कवर, एकच खातं, आणि डाटा झोटेरोच्या सिंकनं एकसारखा ठेवायचा. पीडीएफ मात्र शेअर्ड फोल्डरमधून.

डाटा सिंक फुकट आहे, कितीही संदर्भ असू देत. पैसे लागतात ते फाईलींसाठी, ३०० एमबीपर्यंत फुकट, पुढं २ जीबीला वर्षाला २० डॉलर, ६ जीबीला ६० डॉलर, आणि अमर्याद हवं तर १२० डॉलर. तुमच्या स्कॅनमध्ये ३०० एमबी म्हणजे तीन-चार पीडीएफ, पहिल्याच दिवशी संपले. लोक इथंच अडतात आणि "झोटेरो सिंक पैसे मागतं" म्हणून अख्खं सिंकच बंद करून शेअर्ड फोल्डरकडं वळतात. सिंकच्या सेटिंगमध्ये फाईली सिंक करायची टिक वेगळी आहे, ती काढा, डाटाची राहू द्या. बस.

होस्टवर खात्यात लॉगिन करून पहिलं सिंक पूर्ण होऊ द्या. मग ब्राउझरमध्ये झोटेरोची साईट उघडून तुमची लायब्ररी तिथं दिसते का, कलेक्शन्स बरोबर आहेत का ते बघा. हे बघितल्याशिवाय व्हीएमला हात लावू नका. त्यानंतर व्हीएममध्ये झोटेरो उघडून ॲडव्हान्स्डमध्येच डाटा फोल्डरची जागा परत डीफॉल्ट करा, म्हणजे ते विंडोजच्या सी ड्राइव्हवर येईल. रीस्टार्ट केल्यावर लायब्ररी रिकामी दिसेल, घाबरू नका, तेच पाहिजे. तेच खातं टाका, सिंक करा, सगळं आत येईल. जिथं लॉगिन केलं तिथं पूर्वीचं काही जुनं लटकलेलं असेल तर दोन्ही एकत्र मिसळून डुप्लिकेटचा गोंधळ होतो, म्हणून आत रिकामं असलेलं बरं. सिंकच्या सेटिंगमध्येच रीसेटचा भाग आहे, त्यात ऑनलाईन लायब्ररी बदलून टाकणारी बटणं आहेत. तिकडं फिरकू नका. आणि दोन्हीकडं झोटेरोचं व्हर्जन सारखंच ठेवा, सोपं पडतं.

मग पीडीएफ. होस्टवर एक साधं फोल्डर करा, समजा "संदर्भ-पीडीएफ". झोटेरोच्या फोल्डरच्या बाहेर. नाव खरं तर रोमनमध्येच द्या, त्यावर पुढं बोलतो. व्हीएमच्या सेटिंगमध्ये शेअर्ड फोल्डर्सला ते जोडा, ऑटो माऊंट आणि कायमस्वरूपीची टिक लावा, माऊंट पॉईंटमध्ये झेड ड्राइव्ह लिहा. विंडोजमध्ये गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं आतल्या ओएसमध्ये टाकायचं पूरक सॉफ्टवेअर) टाकलेलं असलं पाहिजे, नाहीतर काही दिसणार नाही. उलटी रचना असणाऱ्यांसाठी, म्हणजे होस्ट विंडोज आणि आत उबुंटू, तिथं फोल्डर मीडियाखाली एसएफ असं नाव लागून येतं आणि उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं, तुमचा युजर व्हीबॉक्सएसएफ नावाच्या ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआऊट करून परत या, उघडेल.

आता गंमत इथं आहे. झोटेरोमध्ये पीडीएफ दोन प्रकारे जोडता येते, एक स्टोअर्ड म्हणजे झोटेरो आपल्या स्टोरेज फोल्डरात कॉपी घेतं, दुसरी लिंक्ड म्हणजे फाईल जिथं आहे तिथंच आणि झोटेरो फक्त पत्ता लक्षात ठेवतं. आपल्याला लिंक्ड पाहिजे. पण पत्ता तर दोन्हीकडं वेगळा, उबुंटूवर होमच्या आतलं फोल्डर आणि विंडोजवर झेड ड्राइव्ह. त्यासाठी ॲडव्हान्स्डमध्ये फाईल्स अँड फोल्डर्समध्येच लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी अशी एक जागा आहे. होस्टवर तिथं संदर्भ-पीडीएफचं फोल्डर निवडा, व्हीएममध्ये झेड ड्राइव्ह निवडा. यानंतर झोटेरो पूर्ण पत्ता लिहीत नाही, बेसपासून पुढचाच लिहितं, म्हणजे "गॅझेटियर या सबफोल्डरातली अमुक फाईल" एवढंच डेटाबेसमध्ये जातं, सिंक होऊन पलीकडं पोचतं, आणि पलीकडचं झोटेरो स्वतःचा बेस त्याच्या मागं जोडून फाईल उघडतं. बेस आधी ठरवा आणि मगच फाईली लिंक करा.

तुमच्या जुन्या पीडीएफ सगळ्या स्टोअर्ड आहेत, त्या लिंक्डमध्ये न्यायला झोटेरोत थेट बटण नाही, प्लगइन लागतं. पूर्वी सगळे झॉटफाईल वापरायचे, ते झोटेरो ७ वर चालत नाही, आता झॉटमूव्ह आहे. त्याला तेच फोल्डर दाखवायचं, मग संदर्भ निवडून राईट क्लिक करून हलवायचे. पहिल्यांदा दहाच फाईलींवर करून बघा, व्हीएममध्ये सिंक करून उघडतात का बघा, मग बाकीचा ढीग. हे काम होस्टवरूनच करा, शेअर्ड फोल्डरवरून शेकडो फाईली हलवणं गोगलगायीच्या चालीनं होतं.

यात फायदा असा की व्हीएमच्या डिस्कवर पीडीएफची दुसरी प्रत बसत नाही, आणि होस्ट चालू असल्याशिवाय व्हीएम चालूच होत नाही म्हणून फोल्डर नाही असं कधी होत नाही. तोटे पण आहेत. लिंक्ड फाईली मोबाईलवरच्या झोटेरोत आणि वेबसाईटवर उघडत नाहीत. ग्रुप लायब्ररीत लिंक्ड फाईल चालत नाही, म्हणजे तुमच्याबरोबरच्या मुलींबरोबर ग्रुप करून पीडीएफ वाटायच्या असतील तर हा रस्ता नाही. संदर्भ डिलीट केला तरी लिंक केलेली फाईल फोल्डरात तशीच राहते, कचरा हातानं काढावा लागतो. आणि बॅकअप आता दोन जागांचा घ्यायचा, झोटेरोचं फोल्डर आणि हे फोल्डर. सिंकला बॅकअप समजू नका, इकडं चुकून उडवलेलं तिकडंही उडतं.

हायलाईटचं विचारलं होतं. झोटेरोच्या आतल्या रीडरमध्ये जे पिवळं करता ते पीडीएफमध्ये लिहिलं जात नाही, डेटाबेसमध्ये जातं, म्हणून ते डाटाबरोबर फुकट सिंक होतं, पीडीएफ लिंक्ड असली तरी. हा रीडर झोटेरो ६ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. बाहेरच्या रीडरमध्ये, ॲडोबी वगैरे, केलेलं मात्र थेट फाईलीत बसतं, आणि एकच पीडीएफ होस्टवर एका रीडरमध्ये आणि व्हीएममध्ये दुसऱ्यात उघडी ठेवून दोन्हीकडं सेव्ह केलीत तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहणार आणि पहिल्याचं जाणार. एकच रीडर ठरवा, झोटेरोचाच.

फाईलींच्या नावांचं. उबुंटूला नावात कोलन, प्रश्नचिन्ह काहीही चालतं, विंडोजला नाही चालत, आणि मोठं-लहान अक्षर उबुंटूला वेगळं वाटतं आणि विंडोजला एकच. झोटेरोला नाव देऊ दिलंत तर ते नको ती चिन्हं काढून टाकतं, पण हातानं ठेवलेल्या फाईली तपासा. मराठी नावं चालतात, पण एक बारीक खोच आहे, "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं साठवता येतं, एक अखंड आणि एक र खाली नुक्ता देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात पण मशीनला ती दोन वेगळी नावं. मॅकच्या जुन्या डिस्क फॉरमॅटमध्ये फाईल जाऊन आली की नाव गुपचूप दुसऱ्या तऱ्हेचं होतं, आणि मग "गिरण्यांतल्या दुसऱ्या संपाचा अहवाल" समोर दिसत असताना झोटेरो म्हणतं फाईल सापडत नाही. तुमच्याकडं मॅक नाही, पण कुणाच्या तरी मॅकवरून पेनड्राइव्हनं स्कॅन येतातच की. म्हणून फाईलींची नावं रोमनमध्ये, मराठी शीर्षक झोटेरोच्या टायटलमध्ये.

ज्यांना लिंक्डची भानगड नको त्यांच्यासाठी दुसरा रस्ता वेबडॅव्हचा, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरवर फाईली ठेवायच्या-आणायच्या एका पद्धतीचा आहे. झोटेरो स्वतःच्या सर्व्हरऐवजी तुमच्या वेबडॅव्ह सर्व्हरवर फाईली सिंक करू शकतं, आणि तो सर्व्हर तुमच्या होस्टवरच चालवता येतो, आरक्लोन नावाच्या टूलमध्ये ती सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट-ओन्ली नेटवर्क लावलं की व्हीएमला होस्ट सहसा १९२.१६८.५६.१ या पत्त्यावर दिसतो, तोच झोटेरोत द्यायचा. फाईली स्टोअर्डच राहतात, डाऊनलोड "लागेल तेव्हा" ठेवलं तर व्हीएममध्ये उघडलेल्याच पीडीएफ येतात. पण वेबडॅव्ह फक्त तुमच्या स्वतःच्या लायब्ररीला चालतं, ग्रुपला नाही, आणि सर्व्हर दर वेळी चालू ठेवायची कटकट. ज्याला टर्मिनलची भीती नाही त्यानं करावं. तुम्हाला मी लिंक्डच सुचवेन.

आता वर्डकडं, कारण शेवटी सगळा जीव तिथं अडकलेला असतो. वर्डमध्ये झोटेरोचा एखादा संदर्भ असलेली फाईल उघडून आल्ट आणि एफ९ दाबा. संदर्भाच्या जागी कंसात लांबलचक कोड दिसेल, त्यात त्या संदर्भाची सगळी माहिती आणि एक पत्ता असतो, पत्त्यात तुमच्या झोटेरो खात्याचा नंबर आणि त्या संदर्भाची आठ अक्षरी किल्ली. परत आल्ट एफ९ दाबा, कोड लपेल. ही किल्ली जुळली की झोटेरो ओळखतं, हा तोच संदर्भ, आणि तुम्ही लायब्ररीत वर्ष दुरुस्त केलं की रिफ्रेशवर वर्डमध्येही दुरुस्त होतं. सिंकनं आलेल्या लायब्ररीत किल्ल्या दोन्हीकडं त्याच असतात, म्हणून एकच प्रकरण व्हीएममध्ये, उद्या कॉलेजच्या पीसीवर, कुठंही उघडलं तरी जोड टिकतो. याउलट संदर्भ आरआयएस किंवा बिबटेक (संदर्भांची यादी साठवायचे दोन फॉरमॅट) फाईल काढून दुसरीकडं इम्पोर्ट केले तर प्रत्येकाला नवी किल्ली मिळते. वरून सगळं सारखं दिसतं, पण वर्डमधले जुने संदर्भ अनाथ. छापून येतात, कारण माहिती पोटात आहे, पण लायब्ररीतली दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि तोच ग्रंथ नव्यानं टाकला की संदर्भसूचीत दोनदा येतो. एक्सपोर्ट-इम्पोर्टनं व्हीएम आणि होस्ट "सिंक" करणाऱ्यांच्या प्रबंधात तेच गॅझेटियर तीन वेळा असण्याचं कारण हे. खात्यात लॉगिन न करता टाकलेल्या संदर्भांच्या कोडात खात्याच्या नंबराऐवजी लोकल असं येतं, दुसऱ्या मशीनला त्याचा काही अर्थ लागत नाही. आधी लॉगिन, मग लिखाण.

रोजची शिस्त एवढीच, एका बाजूचं काम संपलं की वर उजवीकडचं गोल बाणाचं सिंक बटण दाबायचं, फिरायचं थांबलं की मगच दुसरीकडं जायचं. आता डेटाबेस वेगवेगळे आहेत म्हणून सेव्ह स्टेट केलं तरी करप्ट व्हायची भीती नाही, दोन्ही झोटेरो एकाच वेळी उघडी राहिली तरी चालतं. एकाच संदर्भाची एकच चौकट, समजा वर्षाची, दोन्हीकडं वेगळी बदललीत तर झोटेरो दोन्ही समोर ठेवून कुठलं ठेवू विचारतं. घाईत ओके दाबू नका, वाचा. वेगवेगळ्या चौकटी बदलल्या असतील तर ते स्वतःच जुळवून घेतं. व्हीएमला नेट होस्टकडूनच मिळतं, होस्ट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असला तरी डाटा सिंकला फार काही लागत नाही. बऱ्याच दिवसांनी उठवलेल्या व्हीएममध्ये सिंकला सर्टिफिकेटचा एरर आला तर विंडोजचं घड्याळ मागं राहिलंय का बघा, नव्वद टक्के तेच असतं.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घेत असाल तर जुन्या स्नॅपशॉटवर जायच्या आधी आतलं झोटेरो सिंक केलेलं असू द्या. मागं गेल्यावर आतला डेटाबेस जुना होतो, पण सिंक केलं की मधलं सगळं सर्व्हरवरून परत येतं. वर्ड फाईल मात्र येत नाही, ती व्हीएममध्येच ठेवली असेल तर स्नॅपशॉटबरोबर तीही मागं जाते. प्रकरणं शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे स्नॅपशॉटचा त्यांना स्पर्श नाही, फक्त तीच फाईल एका वेळी होस्टवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडी ठेवू नका. आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी दोनला ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हीएम चालवायची असेल तर कूलरसमोर बसा, तो लॅपटॉप आपल्यापेक्षा जास्त तापतो, आणि तापून बंद पडला की लाईट गेल्यासारखंच.

झोटेरोऐवजी संदर्भांचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. एंडनोटमध्ये ईएनएल फाईल आणि तिचं डाटा फोल्डर एकत्रच राहावं लागतं, तेही शेअर्ड किंवा क्लाऊड फोल्डरात ठेवू नका, त्याचं स्वतःचं सिंक वापरा. मेंडेलीचं नवं रेफरन्स मॅनेजर क्लाऊडवरच चालतं, दोन्हीकडं लॉगिन केलं की झालं. जॅबरेफवाले सुखी, त्यांचा सगळा डाटा एक साधी टेक्स्ट फाईल, ती शेअर्ड फोल्डरात ठेवली तरी चालते, बाहेरून बदल झाला तर प्रोग्रॅम विचारतो.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, गाईड सरांच्या मशीनवर झोटेरो नाही, तर संदर्भ मोडतील का. नाही मोडत. त्यांनी ट्रॅक चेंजेस करू देत, कमेंट करू देत, कोड तसाच राहतो. फक्त संदर्भाच्या कंसात हातानं टाईप करू नका म्हणावं, कारण पुढच्या रिफ्रेशला झोटेरो विचारतं, आणि हातचं ठेवलं की तो संदर्भ आपोआप अपडेट होणं थांबतं. पान नंबर हवा असेल तर कमेंटमध्ये लिहावा, तुम्ही झोटेरोच्या खिडकीतून घाला. आणि शेवटी सबमिशनच्या वेळी अनलिंक सायटेशन्स दाबायची वेळ आली तर आधी फाईलीची वेगळी प्रत ठेवा. अनलिंक केलं की ते साधं टेक्स्ट होतं, परत जोडता येत नाही, आणि परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या की ती जोडलेली प्रतच लागते.